तुम्ही विचारलंत म्हणून: जहाज बंदराला लागलं की त्या दिवसाचं काय करायचं

जालन्यात बी-बियाण्याच्या धंद्यात असलेल्या माणसाचा समुद्राशी तसा काही संबंध नाही, आपल्याकडं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, तोही भरला तर. पण कंपन्यांनी टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलर लोकांना क्रूझवर न्यायला सुरुवात केली, माझ्याही वाट्याला त्या टूर आल्या, पुढं घरच्यांना घेऊन स्वतःच्या पैशानंही गेलो, आणि आता आमच्या लाईनमधली मंडळी, त्यांचे साडू, मेहुणे, कॉलनीतले डॉक्टर, ज्याचं बुकिंग झालं तो फोन करतोच. प्रश्न ठरलेला. "भाऊ, जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं, तेवढ्यात काय काय बघून होतं? आणि जहाजवाल्यांची टूर घ्यायची का आपली आपण टॅक्सी करायची?"

मी म्हणतो, काय बघायचं ते राहू द्या, आधी जहाज सुटतं किती वाजता ते सांगा. दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. पोचायची वेळ पाठ असते, कोणतं मंदिर, कोणतं मार्केट, कुठं फोटो काढायचा हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं असतं, पण परत कधी चढायचं हा विषयच नाही. आणि माझ्या मते त्या दिवसाचं सगळं प्लॅनिंग तिथूनच सुरू करायला पाहिजे, मागून पुढं.

कारण असं की जहाज 6 ला सुटणार म्हणजे तुम्ही 6 ला धावत आलात तर घेतील असं नाही. सुटायच्या आधीची एक वेळ दिलेली असते, बहुतेक ठिकाणी अर्धा तास आधी, काही ठिकाणी तासभर, तेव्हा सगळे आत पाहिजेत, मग शिडी वर. इथं एसटी नाही की कंडक्टरला म्हटलं थांबा हो, आमचे मामा यायलेत. जहाजानं स्वतः काढलेली टूर उशिरा आली तर जहाज थांबतं, कारण जबाबदारी त्यांची, पण तुम्ही बाहेरून गाडी करून गेलात आणि ट्रॅफिकमध्ये अडकलात तर तुमचं तुम्ही बघा, पुढच्या बंदरापर्यंत विमानानं जा, हॉटेल करा, सगळं स्वतःच्या खिशातून. 2024 च्या मार्चमध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर हेच झालं, बाहेरची टूर घेऊन गेलेले 8 प्रवासी उशिरा पोचले, जहाज अजून समोर पाण्यात दिसत होतं तरी त्यांना घेतलं नाही, मग ते बिचारे देशामागून देश ओलांडत जहाजाच्या मागं, शेवटी सेनेगलच्या डाकारला जाऊन चढले. बातम्यांमध्ये लई गाजलं होतं ते.

आता मागून पुढं म्हणजे कसं ते सांगतो. सिंगापूरहून सुटणारी बरीच जहाजं मलेशियात पोर्ट क्लांगला थांबतात, आणि ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं क्वालालंपूर. वाचणाऱ्याला वाटतं उतरलं की ट्विन टॉवर. अहो शहर तिथून पन्नासेक किलोमीटर लांब, जालन्याहून संभाजीनगरला जाण्यासारखंच की, वर शहरातला ट्रॅफिक वेगळा. समजा जहाज 8 ला लागलं आणि 6 ला सुटणार. 8 ला लागलं म्हणजे तुम्ही 8 ला खाली उतरलात असं होत नाही, आधी तिथल्या सरकारी लोकांची मंजुरी, मग टूरवाले ग्रुप, मग लिफ्टपाशी गर्दी, तुम्ही बाहेर रस्त्यावर यायला साडेनऊ धरा, शहरात 11. परतीचं बघा, साडेपाचला आत पाहिजे, म्हणजे बंदराच्या गेटवर साडेचार-पावणेपाच, म्हणजे शहर 3 ला सोडायचं, अडीचला सोडलं तर जेवण तरी पचेल. हातात राहिले साडेतीन तास. त्यात बटू केव्हज, म्हणजे ती मुरुगनची (आपला कार्तिकेय) 42.7 मीटर उंच सोनेरी मूर्ती आणि वर गुहेतल्या मंदिराला 272 पायऱ्या, ते एक होतं, जेवण होतं, येता-जाता टॉवरसमोर फोटो होतो, आणि संपलं. ज्याच्या यादीत सहा ठिकाणं आहेत त्याची पाच गाडीच्या काचेतून बघून होतात. पैसे भरलेत तर सगळं वसूल झालं पाहिजे, हा आपला जो स्वभाव आहे ना, तो बंदराच्या दिवशी घरीच ठेवून यायचा.

मग जहाजाची टूर का आपली आपण, तर मी बंदर बघून ठरवतो. बघायची जागा बंदराला लागून असेल तर जहाजाची टूर घ्यायची काहीच गरज नाही, महाग असते आणि झेंडा धरलेल्या गाईडमागं चाळीस जणांच्या रांगेत चालावं लागतं. मलेशियातलंच पेनांग बेट बघा ना. जॉर्ज टाऊनच्या जेट्टीतून बाहेर पडलं की जवळच व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 60 वर्षं झाली म्हणून बांधलेला घड्याळाचा टॉवर, वर्षाला एक फूट असा 60 फुटी, बाजूला कॉर्नवॉलिसचा किल्ला, तिथून चालत लिटल इंडिया, 1833 चं महामरिअम्मन मंदिर, जवळच कपितान केलिंग मशीद आणि चिनी लोकांचं देऊळ, सगळं 2008 पासून युनेस्कोच्या यादीतलं, आणि टॅक्सीचा एक पैसा लागत नाही. शाकाहारी माणसाला केळीच्या पानावर भात-सांबार मिळतं, आमच्या एका काकांनी तिथं दोनदा भात घेतला आणि म्हणाले आता परत चला. पेनांग हिलवर मात्र चार तासांच्या मुक्कामात जाऊ नका, तिथल्या ट्रेनला रांग किती असेल ते कोणाच्या हातात नसतं आणि वर अडकलात की खाली येऊस्तोवर जीव जहाजात.

रोमचं उलटं. जहाजवाले रोम म्हणतात आणि थांबतात चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम 70-80 किलोमीटर. रेल्वे आहे, स्वस्त आहे, तरुण पोरांनी खुशाल जावं, पण सोबत आई-वडील असतील, भाषा येत नसेल, तर तिथं मी डोळे झाकून जहाजाची टूर घ्या म्हणतो. ते जास्तीचे पैसे गाईडचे नसतात, उशीर झाला तरी जहाज थांबेल याचे असतात. हाच नियम मी जिथं जहाज धक्क्याला लागत नाही तिथंही लावतो. थायलंडमधल्या फुकेतला बऱ्याचदा जहाज पातोंग बीचसमोर पाण्यातच उभं असतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, त्या बोटींना नंबर लागतो, टूरवाल्यांना आधी सोडतात, आपला नंबर येईस्तोवर तास-दीड तास जाऊ शकतो, आणि समुद्र खवळलेला असला तर तो थांबा रद्दच. अशा ठिकाणी बाहेरच्या गाडीवाल्याला आधीच सगळे पैसे देऊन बसू नका.

घड्याळाचं एक सांगायचं राहिलं, आणि हे फार महत्त्वाचं आहे. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागं आहे. जहाज कधी आपलं घड्याळ बदलतं, कधी नाही बदलत, पण खिशातला मोबाईल किनाऱ्याचं टॉवर पकडतो आणि कोणाला न विचारता वेळ बदलून टाकतो. मग मोबाईलमध्ये 4 आणि जहाजावर 5. त्यामुळं मनगटावर साधं काट्याचं घड्याळ बांधायचं, उतरताना शिडीपाशी जहाजाची वेळ बघून लावायचं आणि दिवसभर त्याचंच ऐकायचं. आमच्या ग्रुपमध्ये एकालाच सांगून ठेवतो की तुझं घड्याळ खरं, बाकीच्यांनी वाद घालायचा नाही.

तसंच वाराचं. आपल्याला माहीत असतं की अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, तरी दर मंगळवारी वेरूळच्या गेटवर बाहेरगावची माणसं तोंड पाडून उभी दिसतात. बाहेर गेलं की ती माणसं आपण. क्वालालंपूरच्या टॉवरवर चढायचं असेल तर सोमवार चालत नाही. व्हॅटिकनचं म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. मुंबईहून सुटणारं जहाज कोचीला थांबत असेल तर मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद आणि ज्यू लोकांचं 1568 चं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद. तुमची तारीख कोणत्या वाराला पडते ते घरूनच बघून ठेवा. कोची मात्र मला आवडतं, जहाज विलिंग्डन बेटावर लागतं, फोर्ट कोचीला गाडीनं जायला फार वेळ लागत नाही, मासे पकडायची चिनी जाळी पाण्यात खाली-वर होताना बघायची, सेंट फ्रान्सिस चर्च बघायचं जिथं 1524 मध्ये वास्को द गामाला पुरलं होतं आणि नंतर 1539 मध्ये त्याला पोर्तुगालला हलवलं, मसाल्याच्या गल्लीतून चालायचं, दिवस छान जातो. गोव्याचं काय सांगू, जहाज मुरगावला लागतं, कलंगुट-बागाला जायचा हट्ट सगळे करतात आणि अर्धा दिवस रस्त्यात घालवतात, जुनं गोवं बघून या नाहीतर जवळच्या बोगमाळोला पाण्यात पाय सोडून बसा.

आणि हो, उतरलंच पाहिजे असा काही कायदा नाही. माझी आई एका बंदराला उतरली नाही, गुडघे दुखत होते. आम्ही घामाघूम होऊन आलो तर ही डेकवर आरामखुर्चीत बसलेली, जहाज अर्धं रिकामं, स्विमिंग पूलपाशी कोणी नाही, चहा जागेवर. मला तर वाटतं त्या दिवशी पैसे तिचे वसूल झाले.

खिशात काय ठेवायचं तर जहाजाचं कार्ड, एक फोटो ओळखपत्र, पासपोर्टची झेरॉक्स आणि रोज रूममध्ये येतो तो कार्यक्रमाचा कागद, त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, राहिलात मागं तर तोच माणूस कामाला येतो. पासपोर्ट सोबत घ्यायचा की नाही ते त्या-त्या बंदराला रिसेप्शनवर विचारा, कुठं लागतो, कुठं जहाजवाल्यांनी जमा करून घेतलेला असतो. जेवणाच्या हॉलमधली फळं-बिळं पिशवीत टाकून उतरू नका, बऱ्याच देशांत चालत नाही, घरची धपाटी तर विसराच. व्हिसाचं एकच, सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच उतरायचं असेल तर तुम्ही त्या देशात दोनदा शिरताय, म्हणजे व्हिसा एका वेळेचा असून भागत नाही, ट्रॅव्हल एजंटला तिकिटाच्या आधी विचारा, नंतर नाही.

एवढं सांगूनही फोन येणार, येऊ द्या. फक्त जूनमध्ये करू नका, पेरणीच्या दिवसांत दुकानात उभं राहायला जागा नसते. बाकी कधीही करा, आणि करताना बंदराचं नाव, वार आणि जहाज सुटायची वेळ कागदावर लिहून घेऊन बसा.