तेच कार्ड परत का आलं?

टॅरोची चित्रकार्डं काढून लोकांच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न लग्नाचा किंवा नोकरीचा असेल असं लोकांना वाटतं. माझ्याकडे तरी सर्वांत जास्त येतो तो हा: "मॅडम, तेच कार्ड परत यायलंय. काही वाईट आहे का?"

मी लातूरला असते. सकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते आणि संध्याकाळी घरीच कार्डं बघते. त्यामुळे या प्रश्नावर माझं उत्तर आधी गणिताने सुरू होतं, आणि ते तसंच सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं. डेकमध्ये ७८ कार्डं असतात, २२ मेजर अर्काना (द स्टार, डेथ अशी स्वतंत्र नावांची) आणि ५६ मायनर (पत्त्यांसारखी चार गटांतली). रोज एक कार्ड काढून परत डेकमध्ये मिसळत गेलात, तर ११ दिवसांत कुठलं ना कुठलं कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. महिनाभरात तर ते जवळजवळ ठरलेलंच. केल्टिक क्रॉस या दहा कार्डांच्या मांडणीत, जिथे प्रत्येक जागेला वेगळा अर्थ असतो, एखादं ठरावीक कार्ड असण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. म्हणजे एखादं कार्ड दोनदा दिसलं, यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरं, पिसणं. साधे ५२ पत्ते दोन भाग करून एकमेकांत फरफरत पिसले, तर ते नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावे लागतात, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. टॅरोची कार्डं मोठी आणि संख्येनेही जास्त. बहुतेक लोक ती हातात धरून वरची खाली, खालची वर अशी सरकवतात. त्यात कार्डांचे गठ्ठे तसेच एकत्र राहतात आणि कालची शेजारीण आजही शेजारीच निघते. मी सगळी कार्डं सतरंजीवर उपडी पसरते आणि दोन्ही हातांनी बराच वेळ कालवते. नवशिक्यांना मी हेच आधी करायला लावते. निम्म्या लोकांची तक्रार तिथेच मिटते.

उरलेल्या निम्म्यांसाठी हा लेख.

इतक्या वर्षांत मला कुणी कधी कळवलं नाही की थ्री ऑफ वाँड्स सारखं येतंय. तेही इतर कार्डांइतक्याच वेळा येत असणार. पण ते येतं, जातं, कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते टोचणारं. कार्ड परत येणं ही डेकची गोष्ट आहे. ते परत आलंय हे तुमच्या ध्यानात येणं ही मात्र तुमची गोष्ट आहे, आणि मी वाचते ती हीच दुसरी गोष्ट. म्हणून परत परत येणाऱ्या कार्डाचा पुस्तकातला अर्थ मी सांगत बसत नाही. चित्र समोर ठेवते आणि विचारते, यात तुम्हाला काय दिसतंय?

हे जमतं त्याचं श्रेय पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचं. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असतो तो रायडर-वेट डेक १९०९ मध्ये लंडनला निघाला आणि त्याची चित्रं तिने काढली. जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये पाच नाण्यांच्या कार्डावर नुसती पाच नाणी असत. तिने अशा बहुतेक कार्डांवर माणसं आणली, घरं, पाणी, आभाळ आणलं. तिच्या चित्रांत बघण्यासारखं इतकं आहे की ज्याची त्याची नजर वेगळ्याच कोपऱ्यात जाते.

फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे तेच पाच नाण्यांचं कार्ड घ्या. दोन फाटकी माणसं बर्फातून चाललीत, एक कुबड्यांवर, आणि वर उजळलेली रंगीत खिडकी. आमच्या भागात बर्फ कोण बघतो? एका शेतकऱ्याला हे कार्ड सारखं येत होतं. ते पांढरे ठिपके बघून ते लगेच म्हणाले, "ह्या गारा हायत." २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्याने शेतात उभं राहून पाहिलीय, त्याला दुसरं काय दिसणार? मग बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "खिडकी हाय, पण दार कुठंय?" खरंच, त्या चित्रात दार नाही. पुढची सगळी बैठक आम्ही दारावरच बोललो. कुठल्या दाराशी जायला त्यांना कमीपणा वाटतो, कुठलं दार त्यांनी स्वतःच लावून घेतलंय. थोरल्या भावाचं नाव निघालं तेव्हा ते गप्प झाले. मीही पुढे विचारलं नाही.

द स्टार हे तर सगळ्यांच्या लेखी आशेचं कार्ड. एक बाई दोन घागरी रिकाम्या करतेय, एक तळ्यात, एक जमिनीवर. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा जे लातुरात होते, त्यांतल्या काही बायांना ते सांडणारं पाणी बघवत नाही. "एवढं पाणी जमिनीवर?" हा त्यांचा पहिला उद्गार. अशा बाईला स्टार परत परत आलं तर तिला "आशा ठेवा" म्हणून पाठवणं हे वाचन नव्हे. ती काय जपून ठेवतेय, कशाचा थेंब खर्चायला घाबरतेय, तिकडे मी वळते.

आता टॉवर. या कार्डाबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण आमच्या भागात त्याचं वजन वेगळं आहे.

औसा तालुक्यातल्या एक काकू मुलाच्या फ्लॅटसाठी विचारायला आल्या होत्या. मुलगा पुण्यात चौथ्या मजल्यावर घर घेतोय, घ्यावं का? टॉवर आलं. पुन्हा काही आठवड्यांनी आल्या, प्रश्न तोच, टॉवर आलं. तिसऱ्यांदा कार्ड उलटण्याआधीच त्यांनी डोळे मिटले. उंच दगडी मनोरा, वरून पडलेली वीज, उडालेला मुकुट, खिडक्यांतून ज्वाळा, डोक्यावर खाली कोसळणारी दोन माणसं. काकूंना त्यात ३० सप्टेंबर १९९३ दिसत होता. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलेलं, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. जाड दगडी भिंती, त्यांना मातीचा गिलावा, वर माळवदाचा भार. ज्या घरांनी उन्हाळे थंड ठेवले, तीच अंगावर आली. जवळपास १०,००० माणसं गेली. काकूंची सासू आणि धाकटी नणंद त्यांत होती. पुढे पत्र्याच्या शेडमधले दिवस, मग पुनर्वसनातलं घर. तेव्हापासून त्या वरच्या मजल्यावर कधी झोपलेल्या नाहीत, लग्नाकार्यालाही नाही.

हे सगळं त्यांनी मुलाला सांगितलेलं नव्हतं. मुलाला वाटत होतं, आईला पैशांची काळजी आहे.

मी त्यांना चित्राचा खालचा भाग बघायला सांगितलं, कारण सगळे वरच बघतात. मनोरा खडकावर उभा आहे. वीज शेंड्यावर पडलीय, मुकुट उडालाय, पण खडकाला तडा नाही. काकूंनी बोट ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं तर खालूनच फाटलं होतं." मग बऱ्याच वेळाने, "म्हणजे हे आमचं नव्हं." त्या दिवशी फ्लॅटबद्दल मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घर घ्यावं की नाही हे कार्डाने ठरवायचं नसतं. इमारतीचा आराखडा भूकंपाचा विचार करून केलाय का, हे इंजिनियरला विचारायचं आणि मुलाला १९९३ सांगायचं, एवढी दोन कामं त्यांना दिली. दोन्ही त्यांनी केली. मुलाबरोबर साइटवर जाऊन बिल्डरच्या माणसाला प्रश्न विचारून आल्या.

त्यानंतर टॉवर आलं नाही असं नाही. आलं, त्याच जागी. पण काकूंनी या वेळी डोळे उघडे ठेवले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, "पुढचं बघा." पुढचं होतं फोर ऑफ वाँड्स, फुलांच्या तोरणाचं. परत येणारं कार्ड एकटं वाचू नये ते यासाठी. टॉवरशेजारी नाइन ऑफ सोर्ड्स, ती अंथरुणात उठून तोंड झाकून बसलेली बाई, असेल तर बोलणं वेगळ्या वाटेने जातं. तोरण असेल तर वेगळ्या.

मुलांच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. ट्यूशन एरियातल्या होस्टेलांतून नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुन्हा बसणारी मुलं मोबाइलवर रोज कार्ड काढतात, प्रश्न एकच, "या वेळी नंबर लागेल का?" निलंगा तालुक्यातल्या एका मुलीला एट ऑफ सोर्ड्स सारखं दिसायचं. डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोर, मागे तलवारी. पाय मोकळे आहेत, समोर वाट आहे, हे तिने कुठेतरी वाचलेलं होतं आणि त्याने तिला काहीच फरक पडला नव्हता. ती म्हणाली, "मॅडम, हिला बांधणारं कुणी दिसतच नाही." मी विचारलं, तुला कोण दिसतंय? तिने वडिलांचं नाव घेतलं, मग नाही म्हणाली, मग रडली. त्या रात्री तिने घरी फोन केला. वडील म्हणाले, येळवशीला (वेळ अमावास्येला, शेतात जेवायच्या सणाला) ये, भज्जी खा, रानात बसून बोलू. निकालाचा प्रश्न मी कार्डांना विचारत नाही आणि कुणी विचारला तर डेक बाजूला ठेवते. आणि एखादं मूल जगणंच नको असं बोललं, तर त्या क्षणी टॅरो संपतं. त्याच्या घरच्यांना फोन, डॉक्टर, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक, दिवसरात्र चालू असतो.

राहिलं डेथ. ते परत परत आलं म्हणून कुणाच्या घरात माणूस जाणार आहे असं मी कधीही सांगत नाही. तसं सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

माझ्याकडे येणाऱ्यांनी एक वही ठेवावी असा माझा आग्रह असतो. तारीख, प्रश्न शब्दशः, कार्ड कुठल्या जागी आलं, शेजारी कोण होतं. वही काही दिवस भरली की बहुतेक वेळा दिसतं की कार्डाच्या आधी प्रश्न परत आलेला आहे, अगदी त्याच शब्दांत. म्हणून त्या वहीत मी शेवटचा एक रकाना आखून देते: मागच्या वेळेपासून याबाबतीत काय केलं. फोन, भेट, अर्ज, भांडण, काहीही चालेल. तो रकाना कोरा असेल तर त्या प्रश्नावर मी पुन्हा कार्डं उघडत नाही, आणि त्या दिवसाची फीसुद्धा घेत नाही.