कणकेवरची चार बोटं

"भुताखेतांचे सिनेमे तुम्ही बघत नाही, मग 'तुंबाड' चार वेळा कसा पाहिलात? आणि एवढा आवडतो, तर त्यात खोट कशाला काढता?" हे दोन प्रश्न मला नेहमी एका दमात विचारले जातात. सोसायटीत, लग्नकार्यात, परवा तर मंडईत मटार निवडताना. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आमच्या घरी मळलेल्या कणकेचा गोळा गुळगुळीत कधी ठेवत नसत. आई त्यावर चार बोटं दाबायची. तसाच ठेवला तर पिंडासारखा दिसतो, म्हणायची. कारण कळायच्या आधीच मला ती सवय लागली. आज कोथरूडच्या ओट्यावरही बोटं आपोआप उमटतात. आता विचार करा, ही सवय असलेली बाई थिएटरात बसली आहे आणि पडद्यावर विनायक नावाचा एक माणूस कणकेची बाहुली घेऊन दोराने विहिरीत खोल उतरतो आहे. खाली हस्तर आहे. हा देवीचा पहिला मुलगा. सोनं त्याच्याकडे आहे, धान्य मात्र त्याला कधीच मिळालं नाही, म्हणून तो युगानुयुगं उपाशी. तो बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा ओढायच्या आणि वर यायचं. स्वतःभोवती पिठाचं रिंगण असेल तरच जीव वाचणार. माझ्या पोटात गोळा आला तो हस्तरच्या चेहऱ्यामुळे नाही, त्या पिठामुळे.

सिनेमाचं खरं बळ मला इथे दिसतं. यातल्या भुताला नियम आहेत आणि ते पाळून कमाई करता येते. विनायकचा लोभ म्हणजे रोजच्या कष्टाचं काम आहे. पीठ मळा, दोर बांधा, उतरा, मूठभर मुद्रा घेऊन पुण्याला परत या, संपल्या की पुन्हा जा. सोहम शाहने हा माणूस शेवटपर्यंत गोड केलेला नाही. पुढे बाप मुलाला हाच धंदा शिकवतो तेव्हा मला विहिरीपेक्षा त्या बापलेकांची जास्त भीती वाटली. मुलगाही कसा, तर बापापेक्षा हुशार निघायची घाई झालेला. तो पांडुरंग आणि सिनेमाच्या सुरुवातीच्या, १९१८ च्या भागातली साखळदंडातली म्हातारी, दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच मुलाने केली आहेत. हे मला सिनेमा पाहून झाल्यावर कळलं आणि पुन्हा पाहावासा वाटला.

पावसाबद्दल तर किती बोलावं! दिग्दर्शक राही अनिल बर्वे आणि मंडळींनी खऱ्या पावसासाठी अनेक पावसाळे वाट पाहिली. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यात ओल दिसते, भिंतीला हात लावला तर बुरशी लागेल अशी. सिनेमातल्या वाड्याचं चित्रीकरण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झालं. दिवेघाट चढून गेलं की आपलं सासवड. आपल्या इतक्या जवळ अशी भिंत उभी होती आणि तिची आपल्याला कधी भीती वाटली नाही, याचं मला फार नवल वाटतं.

आता खोट. सुरुवातीलाच गांधीजींचं गरज आणि हाव याबद्दलचं वचन येतं, पाठोपाठ हस्तरची सगळी कहाणी निवेदनात. तात्पर्य आधी आणि गोष्ट नंतर! ती कहाणी आपल्याला तुकड्यातुकड्याने, त्या म्हातारीच्या तोंडून कळली असती तर विहिरीतला अंधार दुप्पट झाला असता. बर्वे ज्यांच्या कथेचं ऋण सांगतात ते भयकथाकार नारायण धारप वाचत आम्ही मोठे झालो. न सांगितलेल्या गोष्टीची भीती काय असते, ते आम्हाला तिथे कळलं.

दुसरं, पुणं. १९३३ चं पुणं म्हणजे केवढं गजबजलेलं शहर, पण इथे ते मुद्रा विकण्यापुरतं येतं. तुंबाड गावाचा दगडन् दगड लक्षात राहतो, पुण्याची एक गल्ली राहत नाही. आणि माणसं कोकणातली, पुण्यातली, बोलतात मात्र हिंदी. हिंदी सिनेमा आहे, मान्य, तरी माझ्या कानाला प्रत्येक वेळी खडा लागतो.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते बायकांचं. १३ सप्टेंबर २०२४ ला सिनेमा पुन्हा लागला तेव्हा भाचीला घेऊन गेले होते. मध्यंतरात तिने विचारलं, "मावशी, विनायकची आई कुठे गेली?" एका मुद्रेच्या आशेवर वर्षानुवर्षं वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारांची सेवा केलेली, एक मूल गमावलेली, उरलेल्याला घेऊन पुण्याला निघालेली ही बाई. ज्योती माळशेने ती थोडक्या प्रसंगांत जिवंत केली आहे. तुंबाडला पुन्हा जायचं नाही असं मुलाकडून वदवून घेणारी तीच. आणि पुढचा भाग सुरू होतो तेव्हा ती नाहीच. पुण्यात तिने दिवस कसे काढले, मुलाच्या डोळ्यांतली हाव तिला दिसली का, तिलाही ती मुद्रा कधी स्वप्नात आली का? मी भाचीला काहीच सांगू शकले नाही. दिवे मालवले आणि विनायक पुन्हा कणीक घेऊन निघाला.