दोन बाकडी

केपटाऊनला टेबल माउंटनसाठी आलो होतो. पण सकाळपासून वारा सुटला, केबलकार बंद, आणि अख्खा दिवस रिकामा हाती आला. पायी भटकत क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर पोचलो. न्यायालयाच्या जुन्या इमारतीबाहेर दोन बाकडी दिसली. बायको सवयीने त्यातल्या एकावर टेकली आणि अक्षरं वाचून उठली. ‘फक्त गोऱ्यांसाठी’. शेजारचं, हुबेहूब तसंच बाकडं, ‘फक्त बिगरगोऱ्यांसाठी’. आता कुणीही कुठंही बसावं. तरी आम्ही दोघं उभेच राहिलो.

1960च्या दशकात या इमारतीत, सरकारने ठरवलेला वंश मान्य नसलेल्यांची अपिलं चालायची. 1948 साली गोऱ्यांची नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि 1950च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला एकेक वंश चिकटवला. संशय आला तर केसांत पेन्सिल खोचायची. सुळकन पडली तर गोरा, अडकली तर नाही. सख्खी भावंडं वेगवेगळ्या रकान्यांत पडली. रकाना ठरला की राहायचं कुठं, शिकायचं कुठं, लग्न कुणाशी, हे त्यातच आलं. मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. जातीच्या दाखल्यांच्या फायली हातून गेल्या, एका वेलांटीपायी हेलपाटे घालणारी माणसं पाहिली. पण डोक्याचे केस पुरावा म्हणून? तिथं उभं असताना मला चीड यायच्या आधी ते टेबल, तो शिक्का आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघणारा कारकूनच डोळ्यांपुढे आला.

तिथून बुइटनकांट स्ट्रीटवरच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयात गेलो. जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये आहे ते. 11 फेब्रुवारी 1966 रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती गोऱ्यांची म्हणून जाहीर झाली. सुमारे साठ हजार माणसं उठवून केप फ्लॅट्सच्या रेताड माळावर नेली आणि मागे बुलडोझर फिरवला. संग्रहालयात जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरलाय. जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिलीत.

नकाशावर एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर बसले होते. आमचं मराठी कानावर पडताच त्यांनी मान वर केली.

“रत्नागिरीचे काय?”

त्यांचे आजोबा कोकणातून बोटीने आलेले. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची बरीच घरं आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. या चाचांचं मराठी आजीपाशीच थांबलेलं: भाकर, म्हावरं, आणि दोन सणसणीत शिव्या. बाकी सगळं इंग्रजीत. ते चौदा वर्षांचे असताना त्यांना रायलँड्सला, म्हणजे भारतीयांच्या रकान्यात, जावं लागलं. पलीकडच्या दारातला जिवाभावाचा दोस्त ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीयांच्या रकान्यातला, तो भलतीकडे गेला.

“चला, घर दाखवतो,” म्हणाले.

म्युअर स्ट्रीटवरची मशीद उभी आहे. देवळं-मशिदींना तेवढं हात लावायला सरकार कचरलं. पलीकडे नुसतं गवत. गोऱ्यांना हवी म्हणून रिकामी केलेल्या जागेचा मोठा भाग पुढे तसाच ओसाड पडून राहिला. मी सरळ गवतातून निघालो, तर चाचांनी बाही धरली.

“तिकडून नको. तिथं शेजाऱ्यांची भिंत.”

आणि आम्ही वळसा घालून गेलो.