गांडुळाची गोष्ट

आज मुलांना गांडुळाची गोष्ट सांगितली. पावसात वर आलेलं आणि ऊन पडल्यावर फरशीवरच अडकलेलं एक गांडूळ. त्याला फुप्फुसं नसतात, ओल्या कातडीतूनच ते श्वास घेतं, त्यामुळे अंग सुकलं की संपलंच. एरवी "ईऽऽ" करणारी मुलं एकदम गप्प झाली. एकीने विचारलं, "मग त्याला मातीत कोण नेणार?"

"निसर्ग वाचवा" म्हटलं की मुलं मान डोलावतात आणि विसरतात. पण गोष्टीतल्या गांडुळाचं काय झालं, हे कळल्याशिवाय जागची हलत नाहीत. (डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, हेही सांगून टाकलं.) शेवट मुद्दाम त्यांच्यावर सोडला. कुणी त्याला अलगद पानावर उचललं, कुणी आधी पाणी शिंपडलं. उद्या मुंगीची गोष्ट हवीये म्हणे!