तुम्ही विचारलंत म्हणून : मशीनवर असताना लेकरू होतं का?

लातूरला डायलिसिस विभागात परिचारिका म्हणून काम करताना हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो रुग्ण बाईची सासू दाराशी येऊन हलक्या आवाजात विचारते.

होते, पण आठवड्यातून दोनतीनदा चार-चार तास, या आपल्याकडच्या नेहमीच्या हिशेबात ते टिकणे अवघड असते. आईच्या रक्तातला युरिया वारेतून बाळापर्यंत पोहोचतो, त्यामुळे बाळाला लघवी जास्त होते, गर्भजल वाढते आणि दिवस भरण्याआधीच कळा सुरू होतात. म्हणून मशीनचे तास वाढवावे लागतात. कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली, तीत आठवड्याला २० तास किंवा त्याहून कमी डायलिसिस मिळालेल्यांपैकी ४८ टक्के गर्भारपणांत मूल जिवंत जन्मले, तर ३६ तासांहून अधिक मिळालेल्यांत ८५ टक्के. छत्तीस तास म्हणजे आठवड्यातले सहा दिवस, रोज सहा तास, उदगीर-निलंग्याहून एस.टी.ने येणाऱ्या बाईसाठी हे कसे जमवायचे, हे घराने आधी बसून ठरवावे लागते.

आम्हाला सर्वांत जपावे लागते ते वजन. एरवी वाढलेले वजन म्हणजे साठलेले पाणी असे धरून आम्ही ते काढतो, परंतु चौथ्या महिन्यानंतर त्यात बाळाची वाढही असते. पाणी जास्त काढले गेले तर आईचा रक्तदाब उतरतो आणि वारेकडचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून ड्राय वेट, म्हणजे साठलेले पाणी काढून झाल्यावर उरायला हवे ते वजन, दर आठवड्याला नव्याने ठरवावे लागते.

पाळी आधीच अनियमित असल्याने दिवस राहिल्याचे उशिरा कळते, आणि किडनी निकामी असताना रक्ताची तपासणीही फसवू शकते, सोनोग्राफीच खरी. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या गर्भाला घातक आहेत, त्यामुळे शंका येताच डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे, म्हणजे ते दुसरे औषध देतील. रक्तवाढीच्या इंजेक्शनचा डोसही वाढतो. सातव्या महिन्यात माहेरी पाठवायची रीत मात्र, तिथे जवळ डायलिसिस नसेल तर, सोडावी; बाळ लवकर येण्याचा संभव असल्याने नवजात शिशूंचा अतिदक्षता विभागही जवळच हवा.

किडनी प्रत्यारोपण शक्य असेल तर ते आधी करून, किमान एक वर्ष थांबून, औषधे बदलून मग विचार करणे अधिक सुरक्षित असते, असे मी सांगते. आणि एवढे सांगून झाले की सासूबाईंना विनंती करते की सूनबाईंना आत पाठवा, कारण हा प्रश्न अजून त्यांनी स्वतः मला विचारलेला नसतो.