धुऱ्यावरच्या आंब्याचा व्हँडा: मिरगानंतरची नोंद

मिरगाची पहिली सर पडली आणि व्हँडाची, म्हणजे झाडाच्या फांदीवर वाढणाऱ्या माझ्या ऑर्किडची, मुळं जागी झाली. मे महिन्यात पारा 45 ला टेकला तेव्हा नुसती पांढरीफटक लोंबत होती, आता प्रत्येकाच्या टोकाला हिरवट-जांभळा कोंब आहे. पाणी मारलं की मागचं पांढरं मूळही बघता बघता हिरवं होतं; वरचा कोरडा थर पाणी पितो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो.

जात व्हँडा टेसेलाटा. वादळात वावराच्या धुऱ्यावरच्या आंब्याची फांदी मोडली, तिच्यासकट आणून निंबाखाली टांगला. कुंडी नाही, माती नाही. उन्हाळाभर सकाळी फवारा, दुपारी हिरवी नेट. एप्रिलात दांडा आला: पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी, ओठ निळा-जांभळा, वास गोड.

फुलं पाहायला आले त्याहून जास्त लोक मुळ्या मागायला आले. शेजारची आजी तर रोज: "गुडघे लय दुखून राह्यले, मले थोडी मुळी दे न बापू." तिचं म्हणणं खोटं नाही. या मुळ्या संधिवातावर रास्ना या नावाचं औषध म्हणून वापरतात. पानांचा रस कानदुखीवर घालायचीही जुनी रीत आहे. कानात असलं काही घालू नये, हे माझं मत. पण बाजारातली रास्ना एकच नसते. उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत कुलिंजनाचे कंद, बंगालकडे व्हँडा. आजीला वैद्याकडे पाठवलं. झाडाचं पाणी पिणंच या मुळांवर आहे, ती तोडून कशी देऊ?

सालममिश्रीबद्दलही तेच. तीही ऑर्किडचीच: हिमालयातल्या डॅक्टिलोरायझाचे कंद. त्यातल्या ग्लुकोमॅनन या चिकट पदार्थामुळे दूध दाट होतं, तुर्कस्तानात अशाच कंदांचं सालेप पितात, आइस्क्रीमही करतात. पण कंद खणला की झाड गेलं. म्हणून मी घेत नाही.

व्हॅनिलाही ऑर्किडच, पण तिचं बरं, शेंग तोडली तरी वेल राहतो. फूल मात्र एकच दिवस उमलतं. हाताने परागीकरणाची सोपी युक्ती रियुनियन बेटावर 1841 मध्ये एडमंड अल्बियस या गुलाम मुलाने शोधली, वय बारा. आपल्या कोरड्या उन्हात तो वेल लावायचा हट्ट मी करणार नाही.

फांदी कुजत आलीय, म्हणून व्हँडा जुन्या लुगड्याच्या पट्टीने मोहाच्या खोडाला बांधतोय. मुळं सालीला धरली की पट्टी काढेन. एक शेंग टिकलीय. आतलं बी धुळीसारखं, बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. कुणाकडे प्रयोगशाळेत रुजवायची सोय असेल तर सांगा, शेंग फुटायच्या आत पाठवतो.