धरणगावात कापूस कोण वेचत होते?

जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका तालुक्याच्या गावी, पीएच.डी.नंतरच्या फेलोशिपवर मी एकोणिसाव्या शतकातील खानदेशच्या कापूस व्यापाराचा अभ्यास करते आणि त्याच्या जोडीला तृतीय वर्ष कला शाखेला आधुनिक जगाचा इतिहास शिकवते. कायम प्राध्यापक आम्हा फेलोशिपवाल्यांना पाहुणे समजतात आणि तासिका तत्त्वावर राबणारे सहकारी आम्हाला भाग्यवान समजतात. दोघांचेही फारसे चुकत नाही.

बाहेरच्यांना वाटते की महाविद्यालयाचे वेळापत्रक विद्यापीठ ठरवते. आमच्याकडे ते अर्धे एसटीच्या फेऱ्या ठरवतात आणि अर्धे कपाशी. दसऱ्याच्या सुमारास बोंडे फुटू लागली की पटावरच्या मुली एकेक करून दिसेनाशा होतात, दिवाळीनंतर तर पहिले दोन बाक सोडले तर वर्ग रिकामाच असतो, आणि मग विभागाच्या बैठकीत ‘मुलींमध्ये शिक्षणाची आस्था राहिली नाही’ असे कोणीतरी हमखास म्हणते. त्या मुली कुठे असतात हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत असते, कारण निम्म्यांच्या स्वतःच्या शेतात वेचणी चालू असते. मात्र रात्री अवकाळी पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी वर्ग भरतो. ओला कापूस वेचत नाहीत. ज्या तासाविषयी हे लिहीत आहे तो अशाच पावसानंतरचा होता, आणि वर्ग इतका भरला होता की मुलांना खिडकीच्या कट्ट्यावर बसावे लागले.

विषय होता अमेरिकेतील यादवी युद्ध आणि कापूस. गाईडमध्ये हा विषय जेमतेम दीड पानात उरकलेला आहे आणि ते दीड पान मुलांना पाठ असते: १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण जळगावच्या मुलाला हे वाचून आपले गाव त्या गोष्टीत कुठे बसते हे कळत नाही, आणि जागतिक इतिहासाचा पेपर खानदेशात शिकवण्याचा मला दिसणारा एकमेव उपयोग तोच आहे. १८६०च्या दशकातले जळगाव ही कापसाची मोठी पेठ होती, युद्ध संपताच या पेठेला जबर फटका बसला, हे जुन्या गॅझेटियरमध्ये स्वच्छ नोंदलेले आहे. त्याच दशकात रेल्वे आली. तोवर इथला कापूस बैलगाड्यांनी थळघाट उतरून मुंबईला जात असे.

म्हणून मी वर्गाची एक बाजारसाखळी करते. एक गट इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदराचे दलाल, एक मुंबईचे निर्यातदार, एक जळगावचे अडते, एक धरणगावचे शेतकरी, आणि दोघे-तिघे सावकार. प्रत्येक फेरीत लिव्हरपूलचा भाव चिठ्ठीवर लिहून निघतो, पण ती चिठ्ठी मुंबईच्या गटाला लगेच मिळत नाही. सुएझचा कालवा १८६९ चा असल्यामुळे तोवर टपाल इजिप्त जमिनीवरून ओलांडून पुन्हा आगबोटीवर चढत असे आणि मुंबईला पोहोचायला सुमारे महिना लागे. तेवढ्या अवधीत मुंबईने जुन्याच भावावर सौदे करायचे, अडत्याने मुंबईवर विसंबायचे आणि शेतकऱ्याने अडत्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा. १८६५ च्या फेरीत मी इराणच्या आखातातून आलेली तार सुरू करते, आणि ज्या वर्षी भाव कोसळतो त्याच वर्षी बातमीचा वेग वाढतो ही गंमत मुलांच्या आपोआप ध्यानात येते. या चिठ्ठ्यांवरचे भाव मी फार निगुतीने निवडले आहेत: युद्धापूर्वी अमेरिकन कापूस पौंडाला सात पेन्सच्या आसपास, १८६४ मध्ये पंचवीसच्या वर. पहिली चिठ्ठी वाचताच जिनिंगमध्ये वडील कामाला असलेल्या एका मुलाने हात वर केला. ‘मॅडम, हा भाव कापसाचा की रुईचा?’ मोठ्या शहरातल्या वर्गात हा प्रश्न येणार नाही. भाव अर्थातच रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा. मग क्विंटलभर कापसातून तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते या हिशोबाने त्याने फळ्यावर येऊन लिव्हरपूलचा भाव धरणगावच्या कापसात बदलून दाखवला आणि सरकीचे पैसे वेगळे धरायला हवेत असेही बजावले.

साखळी रंगली. कापूस धरून ठेवावा की विकावा यावर शेतकऱ्यांच्या गटात भांडण लागले, आणि ते भांडण १८६४ चे राहिले नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला या मुलांनी शाळकरी वयात पाहिला आहे. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून त्यांच्या घरांत छतापर्यंत कापूस भरला गेला, भाव आला नाही, आणि त्याच खोलीत झोपून अंगाला खाज सुटली ती निराळी. सावकार झालेल्या मुलाने मात्र भांडण एका वाक्यात मिटवले: ‘भांडताय कशाला? तुमचा कापूस पेरणीलाच माझ्याकडे लागलाय.’ वर्ग हसला. कर्जामुळे भावाचा फायदा उत्पादकापर्यंत कसा पोहोचत नाही, आणि मंदीचे ओझे मात्र त्याच्यावरच कसे येते, हा मुद्दा मी तिथेच गुंफायला घेतला. पुढे १८७५ मध्ये पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध जे दंगे झाले त्यांच्याकडे जाण्याची वाट तिथूनच निघते.

तेवढ्यात भिंतीकडच्या बाकावरून एक मुलगी शेजारणीला अहिराणीत म्हणाली, ‘मंग कपाशी येचाले कोन जाये?’ मी ते मोठ्याने विचारायला सांगितले. ती उभी राहिली आणि प्रमाण मराठीत म्हणाली, ‘मॅडम, अमेरिकेत कापूस कोण वेचत होते ते आपण मागच्या आठवड्यात शिकलो. धरणगावात कोण वेचत होते?’

मागच्या आठवड्यात मी गुलामगिरी शिकवली होती. युद्धाच्या तोंडावर अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती आणि ब्रिटनचा तीनचतुर्थांशाहून अधिक कापूस त्यांच्या श्रमावर पिकत होता. तिथल्या मळ्यांच्या हिशोबवहीतल्या पानाचा नमुना मी वाटला होता: डावीकडे माणसांची नावे, पुढे सोमवार ते शनिवार, आणि प्रत्येक चौकटीत त्या दिवशी वेचलेला कापूस, पौंडांत. वजन कमी भरले तर चाबूक. बहुतेक मुलांनी ते पान चित्रासारखे पाहिले होते. या मुलीने ते वाचले होते. ‘दोनशे पौंड म्हणजे नव्वद किलो. आमच्याकडे चाळीस-पन्नास भरला तरी कंबर धरते. त्यांचे बोंड मोठे असणार.’ तिचा कयास बरोबर होता. दक्षिणेतल्या मळ्यांत मोठ्या बोंडाचे आणि हाताला सहज सुटणारे वाण मुद्दाम पसरवले गेले होते, तर आपल्याकडचा जुना देशी कापूस लहान बोंडाचा. हे वाचन कोणत्याही शोधनिबंधाच्या तोडीचे आहे असे मला वाटले, आजही वाटते.

तिच्या प्रश्नावर मी वेचणी हे बायकांचे काम होते आणि सुगीची मजुरी पुष्कळ ठिकाणी वाट्याने, म्हणजे वेचलेल्या मालातूनच, दिली जात असे, एवढे सांगितले. तिने ते क्षणभर ऐकून घेतले आणि मग स्वतःच हिशोब मांडायला लागली. वाटा असेल तर भाव चढल्यावर वेचणारीचाही फायदा झाला असेल. पण भाव इतका चढल्यावर शेतकरी वाटा कशाला देईल, तो म्हणेल रोख घे. आणि रोख मजुरी कापसाच्या भावाने वाढत नाही. ‘दहा हजार झाला तेव्हा आम्हाला किलोमागे थोडेच वाढले. आमचा भाव बाया मिळतात का नाही त्याच्यावर असतो. शेवटच्या वेचणीला जास्त देतात, तेसुद्धा माल कमी भरतो म्हणून.’ मी त्यात एवढीच भर घातली की १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात धान्यही बरेच महागले होते. ती म्हणाली, ‘म्हणजे रोख घेणारी ज्वारीत बुडाली.’ लिव्हरपूलचे दलाल झालेली मुले तोवर चिठ्ठ्या खाली ठेवून तिच्याकडे वळून बसली होती. अडीचच्या एसटीला अजून वेळ होता, आणि त्या दिवशी मी दंग्यांपर्यंत गेले नाही.

जागतिक इतिहासाच्या नावाखाली या विषयावर जे लिहिले जाते त्यातले बरेचसे लिव्हरपूलहून निघून मुंबईच्या शेअरबाजारात रमते आणि फार तर शेतकऱ्याच्या बांधावर येऊन थांबते. कारण कागद तिथपर्यंतच जातात. लागवडीचे क्षेत्र, सारा, गाठींचा भाव, अगदी कापसात माती आणि पाणी मिसळण्याविरुद्ध १८६३ मध्ये केलेला कायदा, हे सारे सरकारला हवे होते म्हणून लिहिले गेले. मळ्यावरच्या गुलाम बाईचे रोजचे वजन नावासकट टिकले ते ती मालकाची मालमत्ता होती म्हणून. धरणगावची बाई कोणाच्या मालकीची नव्हती. तिचे वजन संध्याकाळी झाले, हिशोब चुकता झाला, आणि सरकारला त्यात रस असण्याचे कारण नव्हते. हा विरोधाभास मी अनेक दिवस मनात घोळवत आहे आणि तो वर्गात कसा मांडावा हे अजून ठरत नाही, कारण तो जरा निष्काळजीपणे मांडला तर गुलामगिरीने निदान नोंदी तरी ठेवल्या असे भलतेच काही मुलांच्या कानी पडेल.

पुढच्या तासाला तिने एक डायरी आणली. कृषी सेवा केंद्रात फुकट मिळते तशी, मुखपृष्ठावर कीटकनाशकाची जाहिरात. तिची आई दहा-बारा बायकांची टोळी घेऊन वेचणीला जाते आणि टोळीचा हिशोब ही मुलगी लिहिते. डावीकडे नावे, पण बहुतेक नावे ‘अमक्याची माय’ अशी, पुढे वार, चौकटीत किलो, पाव किलोपर्यंत. घेतलेली उचल गोलात. अर्धा दिवस गेला असेल तिथे तिरकी रेघ. ज्या दिवशी वर्ग भरला होता त्या दिवसाच्या सगळ्या चौकटींवरून आडवा शब्द लिहिला होता: पाऊस. एका शेतकऱ्याने दर गाठोड्यामागे अर्धा किलो कट्टी कापली होती, तीही तिने नोंदवून ठेवली होती. अशी पाने मी फोटोंतून आणि छापील नमुन्यांतून पाहिली होती, पण ज्या हाताने ती लिहिली जातात तो हात समोरच्या बाकावर पाहायची सवय नव्हती.

अंतर्गत परीक्षेत ‘अमेरिकन यादवी युद्धाचे भारतावरील परिणाम’ हा नेहमीचा प्रश्न होता. तिने वाटा, रोख आणि ज्वारी यांवर दोन पाने लिहिली. उत्तरपत्रिका विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांकडे होत्या. त्यांनी समासात ‘विषयांतर, मुद्दे अपुरे’ असे लिहून दहापैकी चार गुण दिले. मी त्यांच्याशी बोलले. ते आळशी गृहस्थ नाहीत, उलट उत्तरपत्रिका शेवटपर्यंत वाचणाऱ्या मोजक्या लोकांपैकी आहेत. त्यांचे म्हणणे असे की विद्यापीठाच्या परीक्षेत तिची उत्तरपत्रिका तिला न ओळखणाऱ्या माणसाकडे जाईल, त्याच्यापुढे नमुना उत्तर असेल, आणि त्यात रेल्वे, मुंबईची भरभराट, मंदी, कर्जबाजारीपणा एवढेच मुद्दे असतील. ‘तुमची फेलोशिप संपेल, मॅडम, तिला पदवी लागेल.’ या वाक्याचा मला राग आला आणि ते खोडताही येत नाही. गुण वाढवले गेले नाहीत. तिने ते मनावर घेतले असे दिसले नाही. फरदडीची, म्हणजे मुख्य हंगामानंतर राखलेल्या कपाशीची, वेचणी चालू होती आणि ती पुन्हा आठवडाभर आली नाही.

डायरीचे मी फोटो काढून घेतले आणि मूळ परत केली, कारण टोळीचा हिशोब पुरा व्हायचा होता. मागच्या वर्षांच्या डायऱ्यांविषयी विचारले तेव्हा कळले की हिशोब मिटला की त्या बंबात जातात. आता आणखी काही मुले आपापल्या गावातून अशा वह्या आणत आहेत. त्या ग्रंथालयात ठेवाव्यात म्हणून मी विनंती केली, तर ग्रंथपालांनी दाखल-नोंदवही पुढे केली: लेखक, प्रकाशक, किंमत; किंमतीचा रकाना रिकामा राहिला तर लेखापरीक्षणात हरकत निघते. प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. तोवर वह्या विभागाच्या कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.

खानदेशात ज्यांच्या घरी वेचणीच्या हिशोबाच्या वह्या आहेत, मग त्या कितीही अलीकडच्या असोत, त्यांनी त्या बंबात घालण्यापूर्वी पानांचे फोटो तरी काढून ठेवावेत. गाव, वर्ष, किलोमागचा दर आणि उचल एवढे दिसले तरी पुरे. वेचणारीचे नाव असेल तर ते कापू नये.